वरची पट्टी

पाद्री आणि त्यांची बायको भट्टीवर राहायला आले तेव्हा विटा थापायचे दिवस ऐन भरात होते. पाहुणे आले म्हणून हातातला साचा खाली ठेवावा, एवढी फुरसत तिथं कुणालाच नव्हती. थोरल्यानं गुडघाभर चिखलात उभ्या उभ्याच त्यांना न्याहाळलं. पाद्री उंच, वाळलेल्या काठीसारखे. बाई बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, उन्हानं नाकाचं सालपट निघालेलं. दोघांत मिळून एक पेटी, तीही एका बाजूनं दोरीनं बांधलेली.

"खोली पाहिजे," पाद्री म्हणाले. "आम्ही दूर देशाची आहे. आम्ही तुम्हाला एक चांगला बातमी आणला आहे."

"बातमी नंतर," थोरला म्हणाला. "आधी बाईंना सावलीत बसवा. नाक भाजलंय त्यांचं."

घर दोन भावांचं. थोरला, त्याची बायको आणि बिनलग्नाचा धाकटा. बायकोला सगळी वस्ती थोरलीच म्हणायची. घरामागं भट्टी आणि भट्टीमागं शेत. शेत आपलं म्हणायला. पीक त्यात कधी घेतलंच नव्हतं. बापाच्या वेळेपासून तिथली माती खणायची, भिजवायची, तुडवायची, थापायची आणि भाजायची. दरवर्षी शेत थोडं खाली जायचं. बहुतेक शेताचा खड्डा झाला होता आणि पावसात त्याचं तळं व्हायचं. वरची पट्टी तेवढी अजून मूळ पातळीला होती. तिथली माती लोण्यासारखी. वाळताना तडा नाही, भाजताना वाक नाही. ती दोघा भावांनी पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवली होती.

भट्टीच्या कडेला भुसा साठवायची खोली होती, ती पाद्र्यांना मिळाली. कितीही झाडलं तरी तिथला भुसा संपायचा नाही. सुरुवातीला दोघंही शिंकतच जागी व्हायची आणि अंगण झाडणारी थोरली हसू दाबत म्हणायची, "उठली मंडळी."

पाद्री सांगायला आले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासूनच सांगायला लागले. विहिरीवर, वाटेवर, दुकानाच्या पायरीवर, जिथं दोन माणसं दिसतील तिथं. प्रत्येक वेळी सुरुवात एकच: "ऐका ना." महिना उलटायच्या आत त्यांचं नावच 'ऐकाना' पडलं. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. पण ऐकाना येताना दिसले की बायकांना एकदम घरची कामं आठवायची आणि पुरुषांची गुरं सुटायची.

भट्टीवरून कुणाला पळता येत नव्हतं. पाद्र्यांनी तिथं तोंड उघडलं तेव्हा थोरला म्हणाला, "बोला की. पण असे मध्ये उभे राहू नका, सावली पडते विटांवर. बोलायचं तर चिखलात उतरा."

पाद्र्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाय इतके पांढरे, की धाकटा म्हणाला, "दादा, हे कधी वापरलेलेच दिसत नाहीत."

पाद्री चिखल तुडवायला लागले आणि तुडवता तुडवता सांगायला लागले. देवाचा मुलगा जगात कसा आला, सुताराच्या घरी कसा वाढला.

"सुताराच्या?" थोरल्यानं कान टवकारले. "मग साचे चांगले करत असेल."

"साचे?"

"हे विटांचे. आमचा सुतार एक साचा धड करत नाही. कोपरे उसवतात."

पाद्र्यांनी विचार केला. "हो," ते म्हणाले. "तो केला असता तर कोपरा पक्की झाली असती."

त्या दिवसापासून त्यांना भट्टीवर बोलायची मोकळीक मिळाली.

बाई कधी असलं काही सांगायला बसल्या नाहीत. त्यांनी थोरलीशेजारी बसकण मारली आणि साचा मागून घेतला. पहिली वीट त्यांनी उलटी केली ती निम्मी साच्यातच राहिली. दुसरी थकलेल्या बैलासारखी एका अंगावर बसली. पुढं पुढं विटा बऱ्या यायला लागल्या, तरी बाईंच्या विटेचा एक कोपरा नेहमी दबलेला असायचा. त्यांचा डावा अंगठा वाकडा होता. थोरली त्या विटा रचताना आतल्या बाजूला घालायची. भाषा बाई थोरलीच्या तोंडून शिकल्या, त्यामुळे नवऱ्यापेक्षा चांगली बोलायच्या, पण शिव्यांसकट. दुपारी काम थांबलं की थोरली त्यांचे केस विंचरायची. पातळ, भुऱ्या रंगाचे केस, त्यांत चिखलाचे वाळलेले खडे. ते फोडत, काढत दोघींचं बोलणं चालायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. बाईंना मूल नव्हतं. थोरलीलाही नव्हतं. त्यावर दोघी एकदाच बोलल्या आणि मग तो विषय संपला.

वर्षं गेली. पाद्र्यांचं ऐकून कुणी त्यांच्या देवाकडं वळलं नाही. विटा न्यायला बैलगाडी घेऊन येणारा गाडीवान वेगळ्या धर्माचा होता. वेळ झाली की तो गाडी उभी करायचा, विहिरीवर हातपाय धुवायचा, भट्टीमागं कापड पसरून नमाजाला उभा राहायचा. बैल तेवढा वेळ समजूतदारपणे रवंथ करत थांबायचे. पाद्र्यांनी त्यालाही सोडलं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्यात देवाची आठवण दिवसातून कितीदा काढायची, बाबा?"

"नेहमीच. वेळ नाही ठरला."

"मग अवघड आहे," गाडीवान जू बांधत म्हणाला. "वेळ नाही ठरली की माझ्यासारखा विसरतो."

एकदा मात्र जरा वेगळं झालं. पाद्री सांगत होते, की त्या राज्याला एकच दार आहे आणि त्या दारानं जो येत नाही तो बाहेर राहतो. थोरलीनं हात थांबवून विचारलं, "म्हणजे आम्ही बाहेर?"

पाद्र्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "हो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणून तर मी आलो आहे."

"मी पण बाहेर? रोज तुमच्या पाण्याची घागर भरते ती?"

बाई त्यांच्या भाषेत नवऱ्याला काहीतरी थोडकंच बोलल्या. काय ते कुणाला समजलं नाही, पण त्या संध्याकाळी पाद्री न जेवता झोपले. थोरलीनं ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही घागर भरलेली होती.

*

त्या वर्षी ऊन लवकर चढलं. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं, की जुन्या दोराला नवा दोर जोडावा लागला. चिखल भिजवायला पाणी पुरेना. खड्ड्यातली माती दगडासारखी झाली, कुदळ मारली की ठिणगी उडायची. पाऊस यायच्या आत भट्टी लागली पाहिजे म्हणून सगळेच जिवाच्या करारानं राबत होते. बाईही थोरलीबरोबर पाणी ओढायच्या. एका दुपारी त्या साचा मांडीवर घेऊन बसल्या त्या उठेनातच. थोरलीनं कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

गाडीवानानं मोठ्या गावाहून डॉक्टर आणला. त्यानं सुई दिली, गोळ्या दिल्या, दवाखान्यात हलवा म्हणाला. गाडीत गवत घालून, वर गोधडी टाकून बाईंना निजवलं. पण ओढ्याच्या चढापर्यंत जाताच त्यांना इतक्या उलट्या झाल्या, की पाद्र्यांनीच गाडी परत फिरवायला सांगितली.

थोरलीनं थापणं सोडलं. धाकटा कुरकुरला नाही. तिच्या वाटणीच्या विटा तो आणि थोरला मिळून थापत राहिले. ती ओल्या फडक्यानं बाईंचं अंग पुसायची, कूस बदलायची, चमच्यानं पेज भरवायची. पाद्री कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून ओठ हलवत असायचे. मध्येच उठून "मी काय करू?" विचारायचे आणि थोरली त्यांना पाणी आणायला पाठवायची. लागायचं नाही, तरी पाठवायची.

एका सकाळी बाईंना जरा हुशारी वाटली. "केस विंचर," त्या म्हणाल्या.

थोरलीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"एक सांगू? मी गेले तर मला जाळू नका हं. तुमच्यात जाळतात."

"असलं काहीतरी बोलू नकोस, ताई."

"अगं, मला ऊन सोसत नाही. आग कुठली सोसायला?"

थोरलीला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. बाईही हसल्या, म्हणजे त्यांचा श्वास जरा जोरात आला.

"मातीत ठेव," त्या म्हणाल्या. "तुमच्याच मातीत. लांब नको."

"ठेवीन," थोरली म्हणाली. "पण आत्ता गप्प पड."

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास बाई गेल्या. अंगणात झाडू चालला होता. पाद्री दारात येऊन उभे राहिले. थोरलीनं झाडू टाकला.

*

सूर्य वर आला तसा प्रश्न उभा राहिला. पाद्र्यांच्या धर्माच्या लोकांची दफनभूमी होती ती पार शहरात. या उन्हात गाडीनं तिथं पोचेपर्यंत... थोरल्यानं वाक्य अर्धं सोडलं.

"आमच्यात मातीच देतात," गाडीवान म्हणाला. "थांबा. मी आमच्या कब्रस्तानात जागेचं विचारून येतो." बैल नुकते सोडले होते, ते त्यानं पुन्हा जुंपले.

तो परत आला तेव्हा कुणाकडं न बघता बैल सोडत बसला. एक गाठ सुटायला लागू नये इतका वेळ लागला. शेवटी थोरला त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"मोठी माणसं नाही म्हणाली," गाडीवान बैलाच्या मानेकडं बघत बोलला. "आपल्याच माणसांना जागा पुरत नाही म्हणतात." मग म्हणाला, "खोटं आहे ते. जागा आहे."

पाद्री खोलीतून बाहेर आले. डोळे लाल, सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात. "तुमच्या रितीनं करू," ते थोरल्याला म्हणाले. "जाळू. मला चालेल. तिचा त्रास तुम्हाला नको."

"तुम्हाला चालेल," थोरली दारातून म्हणाली. "तिला नाही चालणार. मी शब्द दिलाय. वरच्या पट्टीत ठेवू."

धाकटा विटांच्या थप्पीवर बसला होता, तो ताडकन उठला. "वरच्या पट्टीत? वहिनी, कळतंय का काय बोलतेस?"

"खड्ड्यात ठेवू तिला? पाण्यात?"

"मी कुठं तसं म्हटलं! पण एकदा तिथं माणूस ठेवलं, की ती माती गेली. आजूबाजूची पण गेली. कडेकडेनं खणणार का आपण? तेवढीच चांगली माती उरलीय. ती संपली की दुसऱ्याच्या भट्टीवर चिखल तुडवायला जायचं का?"

"दोन हात जागा जाईल."

"चार बाजूंनी धरलीस तर बघ किती जाते!" धाकट्याचा आवाज फुटला. "मला काय बाईंचं वाईट वाटत नाही? मला ताप आला तेव्हा त्यांनी..." तो थांबला. "पण पोट आहे आपल्याला. दादा, तू बोल की."

थोरला मातीकडं बघत होता. त्याला पटकन बोलता यायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाद्री मध्येच म्हणाले, "भांडू नका. ऐका ना. नको. नको जागा." त्यांनी दोन्ही हात पुढं धरले होते, जणू दोघा भावांमध्ये काही पडतंय आणि ते झेलायचंय.

"तुम्ही आत जाऊन बसा, बाबा," थोरला म्हणाला. मग धाकट्याला म्हणाला, "माझ्या अर्ध्यातनं जाऊ दे. तुझी माती तुला पुरी राहील. मोजून घे पाहिजे तर."

हे धाकट्याला लागलं. "मोजून घे म्हणे," तो पुटपुटला. टोपी डोक्यावर आपटून तो ओढ्याच्या बाजूला निघून गेला.

थोरल्यानं पहार उचलली. पाद्र्यांनी कुदळ घेतली. वरच्या पट्टीवर गाडीवानानं दिशा बघून काठीनं रेघ मारली, मग एकदम आठवून विचारलं, "तुमच्यात डोकं कुठल्या बाजूला करतात?"

"उगवतीकडं पाय," पाद्री म्हणाले. "उठेल तेव्हा तोंड उजेडाला पाहिजे."

"कधी उठणार?" गाडीवानानं विचारलं.

पाद्र्यांनी कुदळ खांद्यावरून खाली घेतली. गाडीवानानं रेघ पुसून नव्यानं मारली.

वरचा थर भाजलेल्या विटेसारखा होता. पहार आपटली की मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. पाद्र्यांची कुदळ दर वेळी दुसऱ्याच जागी पडत होती. थोड्याच वेळात त्यांच्या तळहाताची कातडी सोलवटली आणि दांडा लाल झाला. थोरल्यानं कुदळ काढून घ्यायला हात पुढं केला, पण त्यांनी दिली नाही. नाकातून पाणी गळत होतं, ते बाहीनं पुसत ते घाव घालत राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी खड्डा मांडीएवढासुद्धा झाला नव्हता.

"असं खणतात होय?"

धाकटा मागं येऊन उभा होता. पँट घोट्यापर्यंत ओली. ओढ्यात काय पाणी उरलं होतं त्यात तो बसून आला असावा.

"कडा बघ कशी तिरकी घेतलीस, दादा. ढासळून अंगावर येईल तिच्या." त्यानं थोरल्याच्या हातून पहार घेतली आणि खड्ड्यात उतरला. "बाबा, तुम्ही वर या. माती ओढा. घमेलं आहे तिथं."

तो एकदा खणायला लागला की बघत राहावं असा खणायचा. पहार घालून ढेकूळ मोकळं करायचा, फावड्यानं उचलून न बघता मागं टाकायचा. खालचा थर लागला तशी माती मऊ, काळी, गार निघायला लागली. त्यानं मूठभर उचलून दाबून बघितली; सवयच ती. मग ती मूठ हळूच बाजूला ठेवली.

थोरलीनं घरात बाईंना न्हाऊ घातलं, केस विंचरले, डोक्याला स्वतःचा धुतलेला रुमाल बांधला. पेटी करायला लाकूड नव्हतं. गाडीवानानं गाडीच्या दोन फळ्या काढल्या आणि त्यांवर बाईंना निजवून चौघांनी उचललं. वस्तीतली माणसं लांब उभी होती, मग एकेक करून जवळ आली.

दोरानं खाली सोडल्यावर पाद्र्यांनी पुस्तक उघडलं. पान उलटलं. पुन्हा उलटलं. ओठ हलले, आवाज येईना. इतकी वर्षं ज्यांचं बोलणं चुकवायला माणसं पळायची, ते आज बोलावेत म्हणून सगळी वस्ती श्वास धरून उभी होती. गाडीवानानं दोन्ही तळहात वर केले आणि डोळे मिटले. थोरल्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून काखेत धरलं.

थोरली पुढं झाली आणि काठावर उकिडवी बसली.

"ताई," ती खड्ड्यात बघत नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आम्ही इथंच आहोत. भट्टी समोरच आहे. बाबांच्या जेवणाखाण्याची काळजी करू नकोस."

तिनं मूठभर माती हातानं बारीक केली, खडा राहिला नाही याची खात्री केली आणि मग खाली सोडली.

*

पाद्री खोलीतून बाहेर पडेनात. थोरलीनं ठेवलेली पेज संध्याकाळी तशीच परत यायची, वर साय धरलेली. दाढी वाढली, अंगाला वास यायला लागला. एका सकाळी थोरला आत गेला आणि त्यांना दंडाला धरून विहिरीवर घेऊन आला. दगडावर बसवलं, सदरा काढला आणि बैलाला घालावी तशी बादल्यांवर बादल्या आंघोळ घातली. पाण्याचा तुटवडा होता, तरी घातली. पाठ चोळताना बरगड्या हाताला लागत होत्या.

"पाण्याचा नास होतो," पाद्री म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

"होऊ दे," थोरला म्हणाला. "हे चिखलातच जातंय सगळं. तुडवायला या आता."

ते आले. पायानं चिखल तुडवायचे, पण मुक्यानं. चिखलाचा पचपच आवाज तेवढा यायचा. धाकट्याला ते सहन होईना. "बाबा, काहीतरी सांगा की," तो म्हणायचा. "त्या सुताराचं सांगा." पाद्री नकाराची मान हलवायचे.

मग एक दिवस थोरलीनंच विषय काढला. तिच्या शेजारची बाईंची जागा रिकामी होती. तिथं कुणी बसायचं नाही.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"ती तिकडं पोचली असेल ना? तुमच्या देवाकडं?"

"हो," पाद्री म्हणाले. एवढं मात्र ते लगेच म्हणाले.

"मग तिथं तिचं कोण आहे? तुम्ही जाल, पण तुमची वेळ येईल तेव्हा. मी तर नसणार. तुम्हीच सांगितलंत, आम्ही बाहेर. तिला एकटीला करमायचं नाही. केससुद्धा धड विंचरता येत नाहीत तिला, गुंता तसाच बांधून टाकते."

पाद्र्यांचे पाय थांबले. या प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठ होतं. तरुणपणी शिकले होते, आणि त्या उत्तरासाठीच घरदार सोडून इतक्या लांब आले होते. धाकटा, थोरला, सगळे साचे हातात धरून त्यांच्याकडं बघत होते.

"मला माहीत नाही," पाद्री म्हणाले.

थोरलीला राग आला. सगळ्यांना वाटलं होतं, की तिला बरं वाटेल. पण तिनं साचा खाली आपटला. "माहीत नाही? इतकी वर्षं रोज उठून सांगत होतात, तेव्हा माहीत होतं आणि आता माहीत नाही? मी कुणाला विचारायचं मग?"

"थोरले..." नवरा म्हणाला.

"तुम्ही थांबा हो." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चिखलाचे हात असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. "तुम्ही त्याच्याशी बोलता ना, बाबा? रोज सकाळी गुडघ्यांवर बसून? मग त्याला विचारा. म्हणावं, असं असं एक माणूस आहे, तिनं काही केलं नाही वाकडं. तिला येऊ देणार का? मला काय कायमचं नको राहायला. तिला भेटायला येऊ देणार का, एवढं विचारा."

पाद्री चिखलातून बाहेर आले. त्यांचेही हात चिखलाचेच होते. त्यांनी सदऱ्याचं टोक धरून तिचे डोळे पुसले, वेंधळेपणानं, लहान मुलाचे पुसावेत तसे.

"विचारतो," ते म्हणाले. "खरंच विचारतो."

तेव्हापासून ते सकाळ झाली की वरच्या पट्टीवर जाऊन बसायला लागले. खाली उतरले की थोरली मान वर न करता विचारायची, "काय म्हणाला?"

"अजून काही नाही बोलला."

"विचारत राहा."

हळूहळू त्यांचं बोलणं परत आलं. पहिल्यासारखं 'ऐका ना' करत ते कुणाच्या मागं लागत नसत. चिखल तुडवताना आठवेल ते सांगत, आणि दाराची गोष्ट आली, की तिथं थोडं अडखळून पुढच्या गोष्टीला लागत. त्यांच्या धर्मसंस्थेची दोन माणसं शहरातून गाडी करून आली होती. म्हातारपण आलं, आता मायदेशी चला, म्हणून त्यांनी खूप समजावलं. पाद्री त्यांना वरच्या पट्टीवर घेऊन गेले, खाली आणलं, थोरलीच्या हातचा चहा पाजला आणि त्या दोघांनाच परत पाठवलं.

*

त्या वर्षीची भट्टी पावसाआधी लागली, पुढच्या वर्षीचीही. खड्ड्यातली माती संपली तेव्हा भावांना वरच्या पट्टीला हात घालावा लागला. ते दोन्ही टोकांकडून खणत आले. दरवर्षी जमीन उतरत गेली आणि मधला तेवढा तुकडा जिथल्या तिथं राहिला. आधी तो ओट्याएवढा दिसायचा, मग छातीएवढा, मग पुरुषभर. धाकट्यानं कडेला भरपूर माती सोडली होती, मोजणाऱ्यानं कपाळाला हात लावावा इतकी. वर गवत आलं. पावसात कडा झिजायला लागल्या तेव्हा त्यानं कुणाला न विचारता चारी बाजूंनी पक्क्या विटांचं बांधकाम केलं, त्याही पहिल्या प्रतीच्या. थोरला नुसता बघत राहिला. वर जायला त्यानं पायऱ्याही काढल्या.

एकदा विटांचा नवा ठेकेदार माती बघायला आला. खोलगट शेताच्या मधोमध तो विटांनी बांधलेला उंचवटा बघून त्यानं विचारलं, "हे काय सोडलंय मध्येच? चांगली माती दिसते."

"आमचं माणूस आहे वर," धाकटा म्हणाला आणि त्याला दुसरीकडची माती दाखवायला घेऊन गेला.

पाद्री आता फार वाकले होते. चिखलात उतरणं बंद झालं होतं, पण सकाळी वर चढणं त्यांनी सोडलं नव्हतं. एके दिवशी चढताना ते मध्येच थांबले, गुडघा धरला, पुन्हा एक पाय उचलला आणि पुन्हा थांबले. पायऱ्या धाकट्यानं स्वतःच्या पावलाच्या अंदाजानं काढल्या होत्या, उंच उंच. खालून थोरलीनं त्यांच्या पाठीला हात लावला आणि दोघं कशीबशी वर पोचली. धाकटा भट्टीच्या तोंडाशी उभा राहून ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्री काठी टेकत आले तेव्हा प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये अर्ध्या विटेची एकेक नवी पायरी बसलेली होती. धाकटा शेवटच्या सांध्यात थापी घालत होता. पाद्र्यांनी पाय उचलला, तसा तो ओरडला, "अहो बाबा, थांबा! ओलं आहे अजून. उद्या चढा."

पाद्री पाय हवेत धरून उभे राहिले. "पण आज..." ते म्हणाले.

धाकट्यानं थापी पुसली. शेजारी दोन विटा एकावर एक ठेवल्या, वरून हात फिरवून झाडल्या आणि त्यांना त्यांवर बसवलं.

"आज खालूनच बोला तिच्याशी," तो म्हणाला. "ऐकू जातं तिला."